घरचा संगणक : फॉरमॅट करण्याआधी

मागच्या जुम्याला आमचा उबुंटूचा संगणक रुसला. पासवर्ड टाकला की पडदा क्षणभर काळा होई आणि पुन्हा पासवर्डाचीच चौकट समोर. दुरुस्तीवाला म्हणाला, "फॉरमॅट करावं लागेल, आतलं सगळं जाईल." आत मरहूम अब्बांच्या तिलावतीचं रेकॉर्डिंग होतं. दुसरी प्रत नव्हती. अम्मी काही न बोलता उठून गेल्या.

आम्ही संगणक परत घरी आणला. पासवर्ड चुकला असता तर तसा संदेश आला असता. म्हणजे दोष दुसरीकडे होता. कंट्रोल, आल्ट आणि एफ३ एकत्र दाबलं की नुसत्या अक्षरांचा काळा पडदा येतो. तिथे नाव-पासवर्ड देऊन इंग्रजी लहान अक्षरांत 'डीएफ -एच' लिहिलं. डिस्क १०० टक्के भरलेली! जागाच नसली की डेस्कटॉपला स्वतःच्या तात्पुरत्या फायली लिहिता येत नाहीत. मग तो आपल्याला उंबऱ्यावरूनच परत पाठवतो. 'सुडो एपीटी क्लीन' या आज्ञेने अपडेटसाठी उतरवलेली पॅकेजं पुसली गेली. आपल्या फायलींना ती आज्ञा हात लावत नाही. संगणक पुन्हा सुरू केला, आत गेलो, कचरापेटीही रिकामी केली.

मग पहिलं काम हे, की अब्बांचा आवाज पेन ड्राइव्हवर घेतला आणि आणखी एक प्रत आपांच्या घरी ठेवली. तवक्कुल हवाच, पण उंट आधी बांधायचा असतो.

त्या रात्री इशानंतर अम्मींनी अब्बांची सूरह यासीन पूर्ण ऐकली.