फिरत्या घरांतील सुटी

कुटुंबासह कॅम्परव्हॅनमधून केलेल्या न्यूझीलंडच्या प्रवासाचीं वर्णनें हल्लीं वारंवार वाचावयास मिळतात. त्यांत ‘मुक्त’ हा शब्द फार सढळपणें वापरलेला असतो. मुक्त कोण झालें, एवढें या लेखकांनीं एकदां सांगावें.

टे आनाऊ गांवाहून मिलफोर्ड साउंडच्या खाडीकडे जाणारा सुमारें १२० किलोमीटरांचा रस्ता अप्रतिम आहे, यांत वाद नाहीं. १९५४ सालीं खुला झालेला होमर बोगदा ओलांडला कीं उभ्या कड्यांवरून कोसळणारे धबधबे दिसतात. पण ते ज्या पावसाचे, तो तेथें वर्षाकाठीं सहा हजार मिलिमीटरांहून अधिक पडतो! चार माणसांचे ओले कपडे त्या वीतभर जागेंत वाळवितो कोण? वर्णनकार त्या वेळीं खिडकींतून निसर्गशोभा पाहत असतात. चहा त्यांच्या हातांत आपोआप येतो. ‘स्वयंपूर्ण’ म्हणविणाऱ्या गाडींत पक्कें बसविलेलें शौचपात्र हवें, असें तेथील २०२३ च्या कायद्यानें ठरविलें, व तें योग्यच केलें. मात्र त्याची टाकी कोणीं रिकामी करावी, हें कायदा सांगत नाहीं.

हीं कामें घरींही असतातच, असें कोणी म्हणेल. असतात, म्हणूनच तीं घरीं ठेवून यावयाचीं होतीं! खाणावळींत उतरलेली गृहिणी निदान दोन वेळां आयत्या ताटावर बसते. येथें तिची चूलच चाकांवर चढली.

आमच्या परिचयाच्या एका बाईंना त्या प्रवासांतलें काय आठवतें, असें आम्हीं विचारलें.

“मोरी फार लहान होती,” त्या म्हणाल्या.