बशीतील वलय आणि रुग्णाचा ज्वर

आयुर्वेद परिषदांमधील शोधनिबंधांत एक छायाचित्र आता सर्वांच्या परिचयाचे झाले आहे. काचेच्या बशीत जीवाणूंची वाढ पसरलेली असते, तीत वनस्पतीच्या अर्कात भिजवलेली कागदी चकती ठेवलेली असते आणि चकतीभोवती स्वच्छ वलय दिसते. खाली निष्कर्ष असतो : अमुक वनस्पती प्रतिजैविकांना न जुमानणाऱ्या जीवाणूंवर उपयुक्त आहे. काही महिन्यांतच तो निष्कर्ष एखाद्या औषधाच्या माहितीपत्रकावर छापलेला आढळतो. वलय खोटे नसते. परंतु त्यावरून रुग्णाच्या चिकित्सेपर्यंत घेतलेली उडी घाईची असते, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

प्रश्नाचे गांभीर्य वेगळे सांगावयास नको. 2019 या एका वर्षात प्रतिरोधी जीवाणूंमुळे जगभरात सुमारे 12 लाख 70 हजार मृत्यू थेट ओढवले, असा अंदाज 2022 मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. अशा काळात समाज आपल्याकडे आशेने पाहतो, हे स्वाभाविकच आहे. म्हणूनच आपण काय सांगतो याची जबाबदारी अधिक आहे.

प्रथम मात्रेचा विचार करू. प्रचलित प्रतिजैविके सामान्यतः एका मिलिलिटरमध्ये काही मायक्रोग्रॅम वा त्याहूनही कमी प्रमाणात संवेदनशील जीवाणूंची वाढ रोखतात. वनस्पतिज द्रव्यांना त्यासाठी पुष्कळदा शंभर ते हजार मायक्रोग्रॅम लागतात. एवढे प्रमाण रक्तात गाठणे बहुधा अशक्य असते. दारुहळदीतील बर्बेरीन मुखावाटे घेतले असता आतड्यातून अत्यल्प शोषले जाते. आतड्यातील विकारात, जेथे द्रव्य प्रत्यक्ष पोहोचते, तेथे त्याच्या उपयोगाला आधार आहे. परंतु त्यावरून रक्तातील जंतुसंसर्गाविषयी काहीच सिद्ध होत नाही.

याचा अर्थ वनस्पतींत काही नाही असा नव्हे. स्टॅफिलोकॉकस ऑरियस हा जीवाणू बर्बेरीनला आपल्या पेशीतून पंपाप्रमाणे बाहेर फेकतो. बर्बेरिस कुलातीलच काही वनस्पती असे एक द्रव्य तयार करतात, जे स्वतः जीवाणूला मारत नाही, मात्र तो पंप बंद पाडते आणि बर्बेरीनचे काम सुकर करते. हे संशोधन 2000 मध्ये प्रसिद्ध झाले. पिंपळी व मिरी यांतील पाइपरीन त्याच जीवाणूवर सिप्रोफ्लॉक्सासिनचा प्रभाव वाढवते, हे 2006 मध्ये जम्मूच्या संशोधकांनी प्रयोगशाळेत दाखविले. संयोग आणि योगवाहित्व यांचा विचार करणाऱ्या आपल्या शास्त्राला हा मार्ग निश्चितच जवळचा आहे. तथापि हीदेखील प्रयोगशाळेतील पहिली पायरी आहे.

रुग्णांवरील परीक्षण कसे असावे, याचे उदाहरण जर्मनीत सापडते. स्त्रियांच्या साध्या मूत्रमार्ग संसर्गात एका गटाला बेअरबेरीच्या पानांचा अर्क व दुसऱ्या गटाला फॉस्फोमायसिन हे प्रतिजैविक देण्यात आले. निष्कर्ष 2021 मध्ये प्रसिद्ध झाले. अर्क घेणाऱ्या गटात प्रतिजैविकांचा वापर सुमारे 64 टक्क्यांनी घटला. परंतु त्या स्त्रियांना त्रास अधिक सोसावा लागला आणि वृक्कापर्यंत पोहोचलेल्या संसर्गाच्या घटनाही त्याच गटात अधिक होत्या. संशोधकांनी लाभ आणि हानी दोन्ही मांडल्या. आपल्या किती निबंधांत हानीचा रकाना असतो?

येथे स्वतःची चूक सांगणे मला आवश्यक वाटते. काही वर्षांपूर्वी मूत्रदाहाने त्रस्त एक प्रौढ भगिनी माझ्याकडे आल्या. अहवालात ई. कोलाय जीवाणू व अनेक प्रतिजैविकांना प्रतिरोध असे नमूद होते. ‘आता आयुर्वेदच तारील’, असे त्या म्हणाल्या आणि मी सुखावलो. चंद्रप्रभा वटी व गोक्षुरादी गुग्गुळ देऊन त्यांना घरी पाठविले. चौथ्या दिवशी थंडी वाजून तीव्र ज्वर आला, कुशीत वेदना सुरू झाल्या. रुग्णालयात शिरेवाटे प्रतिजैविक दिल्यावर त्या बऱ्या झाल्या. ते प्रतिजैविक त्याच अहवालात ‘उपयुक्त’ या रकान्यात होते. मी केवळ प्रतिरोधाचा रकाना वाचला होता. आणि त्यांना पूर्वी वारंवार मिळालेल्या दोन-दोन, तीन-तीन दिवसांच्या गोळ्या आपल्यासारख्याच दवाखान्यांतून दिल्या गेल्या होत्या, हेही येथे नमूद केले पाहिजे.

म्हणून माझ्या मते आपले खरे योगदान अन्यत्र आहे. प्रतिश्याय, साधा कास, सामान्य अतिसार यांत बहुतेक वेळा प्रतिजैविकाची गरजच नसते. तेथे शास्त्रोक्त चिकित्सा करून अनावश्यक गोळी टाळणे, हे प्रतिरोध रोखण्याचे थेट कार्य आहे आणि ते उद्याच्या बाह्यरुग्ण विभागापासून करता येते. मात्र थंडी वाजून येणारा ज्वर, जलद श्वास, भ्रम वा मंदावलेले मूत्र दिसताच रुग्णास विनाविलंब रुग्णालयात पाठवावे. त्यात शास्त्राचा कमीपणा नाही. साध्यासाध्य विचार आपणास प्रथमपासूनच शिकविला गेला आहे.

औषधनिर्मात्या बंधुभगिनींनी बशीतील वलयाला माहितीपत्रकावर स्थान देऊ नये आणि कच्च्या मालाची ओळख पक्की करावी. दारुहळद म्हणून हिमालयातील बर्बेरिस आणि दक्षिणेतील कॉसिनियमची वेल, दोन्ही बाजारात विकल्या जातात; मग निष्कर्ष नेमका कोणत्या द्रव्याचा? ज्यांची औषध दुकाने आहेत, त्यांनी 1 मार्च 2014 पासून लागू असलेल्या अनुसूची एच-1 ची नोंदवही केवळ तपासणीपुरती भरू नये.

आपल्या संघटनेने वारंवार होणाऱ्या मूत्रमार्ग संसर्गासारखा एक विकार निवडावा, सर्वांसाठी समान नोंदपत्रक करावे आणि अपयशासह सर्व रुग्णांच्या नोंदी एकत्र कराव्यात. पहिल्या वीस नोंदी देण्यास मी तयार आहे. वर उल्लेखिलेल्या भगिनींची नोंद त्यांचे नाव वगळून त्यात प्रथम असेल.