बदली कोर्टात रद्द होते, पण रिकामी खुर्ची कोण भरणार? सरकारी डॉक्टरांच्या पोस्टिंगचं भांडण समजून घ्या

२ ऑक्टोबर २०२३. गांधी जयंतीची सुट्टी होती आणि सगळ्यांच्या मोबाईलवर नांदेडची बातमी फिरत होती. तिथल्या डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात २४ तासांत २४ रुग्ण दगावले होते. त्यातली १२ नवजात बाळं होती. पुढे ४८ तासांत हा आकडा ३१ वर गेला.

त्याच दिवशी संध्याकाळी पुण्याच्या ससून रुग्णालयातून ड्रग्ज प्रकरणातला आरोपी ललित पाटील पळून गेला. मग पुढचे कित्येक दिवस टीव्हीवर या दोनच बातम्या होत्या.

दोन्ही प्रकरणं वेगळी, दोन्हींची कारणं वेगळी. पण त्या गडबडीत एक गोष्ट फारशी कुणाच्या लक्षात आली नाही. त्या दिवशी नांदेडच्या रुग्णालयाचा कारभार प्रभारी अधिष्ठात्यांकडे होता, म्हणजे पूर्णवेळ डीन नव्हते. आणि ससूनच्या डीनची खुर्ची कोणाची, यावर हायकोर्टात खटला चालू होता.

डीन पूर्णवेळ असते तर नांदेडची बाळं वाचली असती, असं कुणीच म्हणू शकत नाही आणि आम्हीही म्हणत नाही. पण सरकारी डॉक्टरच्या पोस्टिंगचं भांडण म्हणजे 'साहेबांचं आपसातलं' असं समजून आपण पुढे स्क्रोल करतो ना, तिथे जरा थांबायला हवं. कारण नांदेडच्या प्रभारी अधिष्ठात्यांनी त्या दिवशी माध्यमांना जी पहिली कारणं सांगितली, त्यात औषध खरेदीसोबत एक कारण होतं कर्मचाऱ्यांच्या बदल्या. नंतर रुग्णालयाने औषधं आणि डॉक्टर कमी नव्हते असं निवेदन काढलं, तो भाग वेगळा.

तर, हा बदल्यांचा विषय नेमका काय आहे?

आधी एक घोळ मिटवू. सरकारी डॉक्टर दोन वेगवेगळ्या खात्यांचे असतात. नांदेड किंवा लातूरच्या मेडिकल कॉलेजमधले डीन, प्राध्यापक, सहयोगी प्राध्यापक हे वैद्यकीय शिक्षण विभागाचे. जिल्हा शल्यचिकित्सक म्हणजे सिव्हिल सर्जन, ग्रामीण रुग्णालयातले आणि प्राथमिक आरोग्य केंद्रातले वैद्यकीय अधिकारी हे सार्वजनिक आरोग्य विभागाचे. मंत्री वेगळे, सचिव वेगळे, फाईलचा रस्ता वेगळा. बदलीचा कायदा मात्र दोघांनाही एकच लागू होतो.

हा कायदा २००५ चा. नाव लांबलचक आहे, मंत्रालयात त्याला 'बदली कायदा' एवढंच म्हणतात. अण्णा हजारे यांनी माहिती अधिकारासोबत ज्या मागण्या रेटून धरल्या होत्या, त्यातलीच ही एक. १ जुलै २००६ पासून तो लागू झाला. त्याच्या आधी बदली म्हणजे सरळ सरळ बाजार आहे असा आरोप व्हायचा. (आता होत नाही, असा याचा अर्थ नाही.)

कायदा म्हणतो ते साधं आहे. एका जागेवर साधारण तीन वर्षं. तीन वर्षं झाल्याशिवाय हलवायचं नाही. बदल्या वर्षातून एकदा, एप्रिल किंवा मे महिन्यात. ज्यांची मुदत भरते त्यांची यादी जानेवारीतच तयार करायची, म्हणजे मुलांच्या शाळा आणि घरभाडं यांचा माणसाला अंदाज येतो.

मग मधेच बदली करताच येत नाही का? येते. निवृत्ती, बढती, राजीनामा यामुळे जागा रिकामी झाली तर एप्रिल-मेची वाट बघावी लागत नाही. आणि 'विशेष कारण' असेल तर मुदतीआधीही हलवता येतं. पण त्यासाठी दोन अटी आहेत. कारण लेखी नोंदवायचं, आणि एक पायरी वरच्या अधिकाऱ्याची मंजुरी आधी घ्यायची. गट अ मधल्या वरच्या श्रेणीच्या अधिकाऱ्यांच्या बाबतीत हा अधिकार थेट मुख्यमंत्र्यांकडे आहे.

कोर्टातली निम्मी लढाई या दोन अटींवर होते. कारण फाईलवर बऱ्याचदा 'प्रशासकीय कारणास्तव' एवढेच दोन शब्द असतात. 'जनहितार्थ' हा त्याचा चुलत भाऊ. आता नुसतं 'प्रशासकीय कारण' लिहिणं म्हणजे कारण देणं झालं का? मुंबई हायकोर्टाने २०१३ मध्ये किशोर म्हस्के यांच्या प्रकरणात मुदतपूर्व बदलीसाठी खरोखर विशेष म्हणता येईल असं कारण नोंदलेलं हवं, हे स्पष्ट केलं. त्यानंतर बदलीच्या बहुतेक अर्जांत या निकालाचा दाखला सापडतो.

आता ससूनचं प्रकरण. कायदा कागदावर काय आहे आणि प्रत्यक्षात काय होतं, हे समजायला महाराष्ट्रात यापेक्षा चांगलं उदाहरण नाही.

डॉ. विनायक काळे पुण्याच्या बी. जे. मेडिकल कॉलेज आणि ससूनचे अधिष्ठाता होते. जानेवारी २०२३ मध्ये त्यांना हलवून त्यांच्या जागी डॉ. संजीव ठाकूर यांना आणलं गेलं. महिना बघा, जानेवारी. एप्रिल-मे नाही. काळेंची तीन वर्षंही भरलेली नव्हती. काळे मॅटमध्ये गेले. २०२३ च्या मध्यावर मॅटने त्यांच्या बाजूने निकाल दिला. या निकालाला डॉ. ठाकूर यांनी हायकोर्टात आव्हान दिलं. १० नोव्हेंबर २०२३ ला हायकोर्टाने ते फेटाळलं आणि मॅटचा निकाल कायम ठेवला. ललित पाटील प्रकरणाच्या चौकशीवरून ठाकूर यांच्यावर सरकारी कारवाई झाली तीही त्याच दिवशी.

म्हणजे हिशोब असा. जानेवारी ते नोव्हेंबर, दहा महिने. तीन वर्षांच्या मुदतीसाठी भांडण, त्यातले दहा महिने भांडण्यातच गेले. आणि या दहा महिन्यांत महाराष्ट्रातल्या सगळ्यात मोठ्या सरकारी रुग्णालयांपैकी एक अशा डीनकडे होतं, ज्यांची खुर्ची उद्या राहील की जाईल हे त्यांनाही माहीत नव्हतं. अशा खुर्चीवर बसलेला माणूस खरेदीची मोठी फाईल, स्टाफची फेररचना, वॉर्डातली शिस्त यात किती हात घालणार?

आता हेच भांडण मराठवाड्यात आणून बघू.

समजा नांदेडच्या विष्णुपुरीतल्या कॉलेजात एक सहयोगी प्राध्यापक आहेत. दीड वर्ष झालंय. ऑगस्ट महिन्यात संध्याकाळी व्हॉट्सअॅपवर पीडीएफ येते, बदली लातूरच्या विलासराव देशमुख शासकीय वैद्यकीय विज्ञान संस्थेत. अंतर साधारण १४० किलोमीटर. दुसऱ्या दिवशी सकाळी हातात दुसरा कागद, 'कार्यमुक्त करण्यात येत आहे'. कायदा माहीत असलेल्या माणसाला कळतं की खरी घाई या दुसऱ्या कागदाची असते. कारण एकदा कार्यमुक्त केलं आणि त्या जागेवर दुसरा माणूस रुजू झाला, की स्थगिती मिळवणं अवघड होऊन बसतं. मग भांडण सरकारशी राहत नाही, शेजारच्या खुर्चीवरच्या सहकाऱ्याशी सुरू होतं. त्याला प्रतिवादी करावं लागतं. ससूनमध्येही हायकोर्टात सरकारऐवजी दुसरे डॉक्टर गेले होते, ते यामुळेच.

दाद मागायची कुठे? सरळ हायकोर्टात जाता येत नाही. आधी महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरण, म्हणजे मॅट. १९९१ पासून ते काम करतंय. मुख्य पीठ मुंबईत, बाकीची दोन नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरला. नांदेड आणि लातूरच्या डॉक्टरांसाठी संभाजीनगर. दोन्हीकडून साधारण अडीचशे किलोमीटर. मॅटच्या निकालावर हायकोर्टात जाता येतं, हे सुप्रीम कोर्टाने १९९७ मध्ये एल. चंद्रकुमार प्रकरणात ठरवून दिलंय.

आणि वाट बघत घरी बसायची सोय नाही. सुप्रीम कोर्टाने १९८९ मध्येच गुजरात विद्युत मंडळाच्या प्रकरणात सांगितलंय की बदलीविरुद्ध निवेदन दिलं म्हणून रुजू न होणं चालणार नाही, स्थगिती नसेल तर नव्या जागी हजर व्हावंच लागेल. नाहीतर शिस्तभंगाची कारवाई. म्हणजे आमचे हे डॉक्टर लातूरला ओपीडी करणार, संभाजीनगरला वकील गाठणार आणि नांदेडच्या घराचं भाडं भरणार.

सरकारची बाजू अगदीच फोल आहे असं समजू नका. बदली हा नोकरीचाच भाग आहे, अमुक जागाच हवी असा हक्क कुणालाही नाही, हे कोर्टांनी कितीदा तरी सांगितलंय. १९९१ च्या शिल्पी बोस प्रकरणात तर सुप्रीम कोर्टाने म्हटलं की बंधनकारक नियम मोडला असेल किंवा आकसाने बदली केली असेल तरच कोर्टाने हात घालावा, नाहीतर प्रशासन चालणारच नाही. त्यात तथ्य आहे. प्रत्येक डॉक्टरला पुणे-मुंबई हवं असेल तर किनवट-माहूरच्या आदिवासी पट्ट्यात कोण जाणार? देवणी-जळकोटला कोण जाणार? तिथल्या माणसाला मॅटचा निकाल कुणाच्या बाजूने लागला याच्याशी काय देणंघेणं, त्याला दवाखान्यात डॉक्टर पाहिजे.

आणि नेमकी इथेच या कायद्याची मर्यादा उघडी पडते. जो खुर्चीवर आहे त्याला कधी उठवायचं, याचे नियम कायद्यात आहेत. खुर्ची रिकामी असेल तर ती किती दिवसांत भरायची, याबद्दल त्यात एक ओळ नाही. डॉक्टर स्वतःची बदली मॅटमध्ये रद्द करून घेऊ शकतो. पेशंटला मात्र रिकामी जागा भरून घेण्यासाठी मॅटमध्ये जाता येत नाही.

मग रिकाम्या जागेवर तोडगा काय काढला जातो? 'प्रभारी' आणि 'अतिरिक्त कार्यभार'. आपला विभाग सांभाळून डीनचं काम बघा. आपला तालुका सांभाळून शेजारचाही बघा. कागदावर जागा चालू, प्रत्यक्षात अर्धा माणूस.

दुसरा तोडगा 'प्रतिनियुक्ती'. गेल्या काही वर्षांत मराठवाड्यात धाराशिव, परभणी, मग हिंगोली आणि जालना अशी नवी शासकीय वैद्यकीय महाविद्यालयं उघडली. चांगलंच झालं. पण कॉलेजची इमारत जितक्या लवकर मंजूर होते तितक्या लवकर प्राध्यापक मिळत नाहीत, म्हणून जुन्या कॉलेजांतली माणसं तात्पुरती तिकडे पाठवली जातात. पगार इथून, काम तिथे. ही बदली म्हणायची की नाही? सरकार म्हणतं नाही, डॉक्टर म्हणतात तात्पुरतं म्हणून पाठवलं आणि परत बोलवायचं नाव नाही, मग ही बदलीच. हा वाद मॅटसाठी आता नवा राहिलेला नाही.

आणि हे सगळं संरक्षण फक्त कायम नोकरीवाल्यांना. राष्ट्रीय आरोग्य अभियानात अकरा-अकरा महिन्यांच्या कंत्राटावर असलेल्या डॉक्टरला ना तीन वर्षांची हमी, ना एप्रिल-मेची वाट. त्याच्या हातात पुढच्या अकरा महिन्यांची ऑर्डर आली तर तो आहे.

नांदेडच्या मृत्यूंनंतर ४ ऑक्टोबर २०२३ ला मुंबई हायकोर्टाने स्वतःहून दखल घेतली. त्यात कोर्टाने सरकारला जे प्रश्न विचारले, त्यातला एक होता मंजूर पदं किती आणि भरलेली किती. नेमका तो प्रश्न, जो बदली कायदा विचारत नाही. पण तो विचारला जायला आधी ३१ मृत्यू व्हावे लागले. आदल्याच दिवशी हिंगोलीचे तेव्हाचे खासदार हेमंत पाटील यांनी त्याच प्रभारी अधिष्ठात्यांना शौचालय साफ करायला लावलं होतं. व्हिडिओ तुम्ही बघितला असेल. खासदारांवर गुन्हा दाखल झाला, एका मृत बाळाच्या नातेवाइकांच्या तक्रारीवरून अधिष्ठात्यांवरही झाला. तिथे पूर्णवेळ डीन का नव्हते, त्या जागेची फाईल कुठल्या टेबलावर होती, यासाठी मात्र कुणावर काही दाखल झाल्याचं दिसलं नाही.

राहता राहिले डॉ. काळे. नोव्हेंबर २०२३ मध्ये ते कोर्टाच्या आदेशाने ससूनला परतले. मे २०२४ मध्ये पुण्यात पोर्शे कारचा अपघात झाला, ससूनमधल्या रक्ताच्या नमुन्यांचं प्रकरण बाहेर आलं आणि महिनाअखेरीस सरकारने त्यांना सक्तीच्या रजेवर पाठवलं. रजा ही बदली नसते, त्यामुळे तीन वर्षांची मुदत, लेखी कारण, एप्रिल-मे, यातलं काहीच तिथे आडवं येत नाही. ससूनचा अतिरिक्त कार्यभार बारामतीच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या अधिष्ठात्यांकडे देण्यात आला. बारामती ते पुणे अंतर साधारण शंभर किलोमीटर आहे.