खोटा चिरूट, खरा भाचा

देवाने माणसाला डोळे दोन दिले, ते प्रसंगी एक मिटता यावा म्हणून, असं माझं स्पष्ट मत आहे. पण हल्ली घरोघर एक असा प्राणी निपजला आहे की ज्याचे दोन्ही डोळे कायम उघडे, आणि तोंड त्याहून उघडं. ह्याला पारखी म्हणतात. कुणी प्रेमाने दिलेलं घड्याळ तुम्ही मनगटावर बांधा, हा ते काढायला लावून उलटं करून बघणार. तुमच्या बायकोने भावाने दिलेली पैठणी नेसली, की ह्याची बायको पदर उलटून मागची बाजू तपासणार. अत्तराचा फाया कानात ठेवा, हा लांबूनच हुंगून ‘निव्वळ स्पिरिट’ म्हणणार. बरं, हे सगळं कधी? तर देणारा समोर बसून चहा पीत असताना! ह्या पारखी मंडळींची एकदा हजेरी घ्यावी, म्हणून हा प्रपंच.

‘तुम्हाला काय कळतं हो खऱ्या-खोट्यातलं?’ असं मात्र कुणी म्हणू नये. मी बँकेतला कारकून. जन्मातली बरीच वर्षं कॅशच्या खिडकीमागे गेली. खोटं ओळखणं ही माझी हौस नाही, पोटाचा धंदा आहे. पाचशेची नोट हातात आली की डोकं विचार करायच्या आत बोटं कामाला लागतात. कागदाचा कडकपणा, कडेच्या पाच उठावदार रेघा, नोट तिरकी केली की हिरव्याची निळी होणारी तार, उजेडात धरली की दिसणारे गांधीजी.

खोटी निघाली तर पुढचं सगळं रिझर्व्ह बँकेने ठरवून दिलेलं. नोट आणणाऱ्याला परत करायची नाही, फाडायचीही नाही. जप्त करायची, तिच्यावर खोटी असल्याचा शिक्का मारायचा, रजिस्टरात नोंद करायची आणि समोरच्याला पोचपावती द्यायची. त्याने पावतीवर सही करायला नकार दिला तरी पावती द्यायचीच. एका वेळी चारपर्यंत सापडल्या तर महिनाअखेरच्या अहवालात पोलिसांना कळवायचं. पाच किंवा जास्त सापडल्या तर सरळ फिर्याद.

आता वसमतच्या बाजारात हळद विकून आलेल्या एखाद्या म्हाताऱ्याच्या पुडक्यात अशी नोट निघते. त्याने ती काही घरी छापलेली नसते. उलट त्यालाच कुणीतरी गंडवलेलं असतं. तरी पाचशे रुपये त्याचेच जातात. ती पावती घडी घालून तो टोपीत ठेवतो, तेव्हा त्याच्या तोंडाकडे बघवत नाही. कायदा कडक आहे, पण मला तो पटतो. कारण नोट ही चालती वस्तू. दया येऊन परत दिली, तर उद्या ती किराणा दुकानात आणि परवा दुसऱ्या म्हाताऱ्याच्या टोपीत. कुठेतरी थांबवायला हवी, ती मी थांबवतो. पण हा खिडकीचा कायदा आहे. तो घरच्या बैठकीत आणायचा नाही, एवढंच माझं म्हणणं. पारखी लोक नेमका तोच घरी चालवतात. शिक्क्याशिवाय, पावतीशिवाय आणि पगाराशिवाय.

नमुन्यादाखल चिरुटाचं घ्या. आमच्या नरसी नामदेवात चिरूट यावा हाच मुळात चमत्कार. कयाधूच्या काठचं हे नामदेव महाराजांचं गाव. एकीकडे गळ्यात तुळशीमाळ घातलेले वारकरी. दुसरीकडे थेट पंजाबातून आलेले शीख यात्रेकरू, कारण नामदेवांची ६१ पदं गुरू ग्रंथसाहिबात आहेत. आणि शीख धर्मात तंबाखू साफ वर्ज्य. उरलेलं गाव तळहातावर चुना-तंबाखू मळणारं, फार तर बिडी ओढणारं. अशा गावात २५ चिरुटांची लाकडी पेटी आली ती माझ्या भाच्याच्या हातून. भाचा दुबईला क्रेन चालवतो. दोन वर्षांनी सुट्टीवर आला आणि पेटी माझ्या पुढ्यात ठेवून म्हणाला, “मामा, क्यूबाचा माल आहे. मोठी माणसं हेच ओढतात म्हणे.”

मी जन्मात बिडीसुद्धा ओढलेली नाही. पण बँकेतला मामा म्हणजे मोठा माणूस, असं मानणारा जगात एकच इसम शिल्लक आहे आणि तो दुबईला क्रेन चालवतो. त्याचा समज मोडण्याइतका मी श्रीमंत नाही. “वा! दुबईहून मामाची आठवण ठेवलीस,” असं म्हणून मी पेटी मांडीवर घेतली.

पेटी हातात आल्याबरोबर माझ्या बोटांनी आपलं काम केलंच. पेटीला झाकण होतं काचेचं. तिथेच निकाल लागला. कोहिबा हा चिरूट क्यूबात १९६६ पासून, आधी कॅस्ट्रोसाहेबांसाठी आणि सरकारी पाहुण्यांसाठी, वळला जाई. खुल्या विक्रीला आला तो १९८२ साली. काचेच्या झाकणाच्या पेटीत तो कधी विकलाच जात नाही. काच ही नकली मालाची जन्मखूण. खऱ्या पेटीवर हिरवी-पांढरी हमीपट्टी असते. तिची चाल १९१२ पासूनची, आणि २०१० पासून तिच्यावर चमकतं चित्र आणि बारकोड आला. तळाशी तापलेल्या छापाने उमटवलेला मजकूर असतो आणि कारखान्याचा नि महिन्याचा शिक्का. इथे तळ आमच्या पाटासारखा कोरा. चिरुटाच्या कंबरेला जो कागदी पट्टा असतो, त्यावरच्या पांढऱ्या चौकोनांच्या रांगा खऱ्या मालात रेघेत असतात. इथे कडेचे चौकोन अर्धेच कापलेले, आणि पट्टे एक वर, एक खाली, कवायतीतल्या पोरांच्या टोप्यांसारखे. अस्सल चिरुटात अख्खी पानं टोकापासून टोकापर्यंत वळलेली असतात. ह्यातून पेटीत चुरा सांडला होता.

हे सगळं अर्ध्या मिनिटात पाहून झालं. मी झाकण लावलं आणि भाच्याला दुबईतल्या उन्हाबद्दल विचारलं. पण शेजारी आमचे साडू बसले होते. साडू म्हणजे पारखी लोकांचे जिल्हाध्यक्ष. त्यांनी पेटी ओढून घेतली, मोबाईल काढला, चष्मा कपाळावर चढवला आणि जाहीर केलं, “अरे, हे तर डुप्लिकेट! केवढ्याला गंडलास?”

भाचा काही बोलला नाही. कानांपर्यंत लाल झाला. बहिणीने ताटलीतला लाडू उगीचच फोडला. साडूंनी पुढची दहा मिनिटं खरी कोहिबा कशी असते ह्यावर व्याख्यान दिलं. माहिती अगदी बिनचूक होती. ऐकण्यासारखं त्यात काहीच नव्हतं.

माझा सवाल असा की, ह्यात फसवलं कुणी आणि शिक्षा कुणाला? फसवलं दुकानदाराने. तो तिकडे गल्ल्यावर मजेत. पैसे गेले पोराचे, ओव्हरटाइमचे. आणि भर बैठकीत मान खाली घालायला लागली तीही त्यालाच. खिडकीवरच्या म्हाताऱ्याला निदान पावती तरी मिळते. ह्याला तीही नाही.

पारखी म्हणतात, “आम्ही आपलं खरं तेच बोललो.” खरं बोलायची एवढी हौस असेल, तर साडूंनी त्या दुकानदाराला गाठावं. तिथे ते जात नाहीत. सत्य नेहमी अशाच माणसाला सांगायचं की जो घरचा आहे, वयाने लहान आहे आणि उलट बोलणार नाही! हा सत्यवादीपणा हरिश्चंद्राला ठाऊक नव्हता, नाही तर बिचाऱ्याचं राज्य वाचलं असतं.

भेट कशी घ्यावी हे चर्चिलसाहेबांकडून शिकावं. बाकी त्यांच्याशी आपलं जमण्यासारखं फारसं नाही. १९४१ साली, ऐन महायुद्धात, त्यांना क्यूबाहून चिरुटांची भेट आली. कुणी विष घातलं असलं तर? म्हणून अशा भेटी तपासायचं काम गुप्तहेर खात्यातल्या लॉर्ड रॉथ्सचाइल्डकडे होतं. पण तपासणीचा निकाल यायच्या आधीच साहेबांनी चिरूट मंत्र्यांना वाटून टाकले! तिथे प्रश्न जिवाचा होता. आमच्याकडे प्रश्न फक्त झाकणाचा होता.

“मग खोट्याला खोटं म्हणायचंच नाही का?” असा एक रास्त सवाल उरतो. म्हणायचं. औषध, लहान मुलाचं दूध, गॅसची शेगडी, विजेची इस्त्री, इथे भीड अजिबात नको. हळदीत रंग मिसळलेला दिसला तर ती आधी घराबाहेर. सोनं गहाण ठेवायला न्यायचं असेल, तर आधीच सोनाराला दाखवलेलं बरं. चिरुटाचंही तेच. अस्सल चिरूट काही आयुर्वेदिक औषध नव्हे, आणि खोट्यात काय कोंबलं आहे ते कोंबणाऱ्यालाच ठाऊक. तेव्हा तो ओढायचा नाही आणि दुसऱ्याला द्यायचाही नाही.

हे दुसरं कलम महत्त्वाचं. भेट तुमच्या कपाटात थांबली तर तिचा कुणाला त्रास नाही. पण आपल्याकडे आहेराला पाय असतात. एकच ब्लाउजपीस चार लग्नं, दोन डोहाळजेवणं आणि एक वास्तुशांत करून मूळ मालकिणीकडे परत येतो, हे कोण नाकारेल? यंत्रावरची पैठणी हातमागाची म्हणून नणंदेला खपवली, की तुम्ही त्या दुकानदाराचे भागीदार झालात. ती नोटेसारखी चालू लागली. खोटी भेट खुशाल ठेवावी, पुढे मात्र ढकलू नये. मी त्या पेटीतला माल कचऱ्यात टाकला आणि पेटी ठेवली. सुई-दोऱ्यासाठी उत्तम आहे. काचेचं झाकण असल्यामुळे उघडावीही लागत नाही. ही सोय खऱ्या कोहिबात नाही!

आणि देणाऱ्याला सांगायचंच असेल, तर एकट्याला गाठून, काही दिवसांनी, हळूच. “पुढच्या वेळी चिरूट नको रे, मला खजूर आवडतो,” एवढं पुरतं. त्याने त्या दुकानातून आणखी काही घेऊ नये असं वाटत असेल, तर तेही तेव्हाच सांगावं, आणि पावती जपून ठेवली असेल तर तक्रार कशी करायची तेही. किंमत विचारू नये. मोबाईल काढू नये. व्याख्यान तर मुळीच देऊ नये.

नामदेव लहानपणी विठ्ठलाला नैवेद्य घेऊन गेले आणि विठ्ठल तो जेवला, ही गोष्ट आपण सगळे ऐकत आलो. त्या वेळी गाभाऱ्यात एखादा पारखी असता, तर त्याने आधी तूप साजूक आहे का ते हुंगून पाहिलं असतं. आपल्या भाषेत ‘भाव’ हा एकच शब्द बाजारालाही आहे आणि मनालाही. पारखी माणसाला त्यातला पहिलाच अर्थ येतो, आणि दुसऱ्याची नोट त्याच्या हातात पडली की तो ती खोटी ठरवतो. अशा माणसांच्या कपाळावर मारण्याजोगा शिक्का माझ्या टेबलाच्या खणात आहे. शाईही भरपूर आहे. रिझर्व्ह बँकेचं परिपत्रक तेवढं यायचं राहिलं आहे.