राखणीची बंदूक, मोडकी कळ आणि गावचा लोहार

भात निसवलं, दाण्यात दूध भरू लागलं, की मुरबाड-शहापूरकडच्या डोंगरालगतच्या खाचरांत माणसाची झोप संपते. माळ्यावर बत्ती, हाताशी पत्र्याचा डबा, थोडे फटाके. आणि ज्या घरात आजोबांच्या वेळेपासून परवाना चालत आला आहे तिथे ठासणीची बंदूक, नाहीतर बाराबोरची जुनी दुनळी. वर्षातले दहा महिने ती गोणपाटात गुंडाळून पडलेली असते. भाद्रपदात बाहेर काढली, घोडा मागे ओढला, तर तो उभाच राहीना. सोडला की पुढे लोंबतो. कुठेतरी आत काहीतरी तुटलं आहे. आता काय करायचं?

बहुतेक घरांत याचं उत्तर एकच असतं. "गावात लोहार आहे की! कोयता करतो, फाळ शेवटतो, हे एवढंसं लोखंड त्याला काय जड?" शेतकरी बंधूंनो, हे उत्तर तुम्हाला आणि त्या लोहाराला, दोघांनाही तुरुंगाच्या दारात नेऊ शकतं.

शस्त्र अधिनियम, 1959 मधले कलम 5 पाहा. शस्त्र तयार करणे, विकणे आणि दुरुस्त करणे ही तिन्ही कामे त्यात एकाच ओळीत बसवलेली आहेत. यातले कोणतेही काम धंदा म्हणून करायचे तर त्याचा वेगळा परवाना लागतो. तुमच्याकडे बंदूक बाळगण्याचा परवाना आहे म्हणून ती दुसऱ्या कोणी दुरुस्त करावी, असा अर्थ त्यातून निघत नाही. याच कायद्याच्या व्याख्येत शस्त्राचे सुटे भागही शस्त्रातच मोजले आहेत. म्हणजे बोटाएवढी कमान किंवा खटका हासुद्धा कायद्याच्या डोळ्यांत भंगाराचा तुकडा नाही. कलम 5 मोडल्याची शिक्षा पूर्वी 3 ते 7 वर्षे होती. 2019 च्या दुरुस्तीनंतर ती किमान 7 वर्षे झाली आणि जन्मठेपेपर्यंत जाऊ शकते. कट्टे बनवणाऱ्यांसाठी हा कायदा कडक केला हे खरे. पण शेजाऱ्याच्या राखणीच्या बंदुकीची कमान भात्यावर तापवणारा लोहारही त्याच कलमाखाली येतो. ही गोष्ट गावोगाव माहीत नाही, आणि सांगायला कोणी येतही नाही.

कायद्याइतकेच दुसरेही कारण आहे, आणि ते जीवाशी संबंधित आहे. त्यासाठी कळ म्हणजे काय ते थोडे पाहू. बोटाने ओढतो तो चाप. आपटतो तो घोडा. या दोघांच्या मध्ये, बाजूच्या पोलादी पाटीमागे, जे चार-सहा तुकडे बसवलेले असतात ती बंदुकीची कळ. घोड्याच्या आसावर आत एक गोलसर तुकडा असतो, त्याला खाचा पाडलेल्या असतात. त्या खाचेत एका छोट्या खटक्याचे टोक अडकते. दुमडलेल्या चिमट्यासारखी जाड कमान घोड्याला सतत पुढे रेटत असते, आणि तो सगळा जोर त्या खटक्याच्या नखाएवढ्या टोकाने अडवून धरलेला असतो. चाप ओढला की टोक खाचेतून सुटते, घोडा आपटतो, बार उडतो. घोडा असलेल्या बंदुकीला बहुतेक दोन खाचा असतात: अर्ध्या घोड्याची खोल, आणि पूर्ण घोड्याची उथळ.

यातली कमान मोडली तर बंदूक मुकी होते. वैताग होतो, पण धोका नाही. आपल्याकडे हेच जास्त घडते. कोकणातला चार महिन्यांचा पावसाळा, कुडाच्या भिंतीतली ओल, तेलाचा हात नाही. कमानीच्या वळणावर गंजाचा एक बारीक खड्डा पडतो आणि तिथूनच ती एक दिवस कटकन तुटते.

खटक्याचे टोक किंवा खाचेची कड झिजली, तर गोष्ट वेगळी. तेव्हा बंदूक मुकी होत नाही, उलट नको तेव्हा बोलते. घोडा चढवून बांधावरून उतरताना पाय घसरला, दस्ता दगडावर आपटला, की टोक निसटते आणि बार होतो. बोट चापावर नसतानासुद्धा. पुढे चालणारा भाऊ असतो, मुलगा असतो. तेव्हा एक साधी परीक्षा करा. बंदूक रिकामी आहे याची दोनदा खात्री करा. ठासणीची असेल तर नळीत गज घालून पाहा आणि टोपी काढलेली आहे ना ते बघा. नळी मोकळ्या बाजूला धरून घोडा चढवा आणि अंगठ्याने त्याला मागून पुढे दाबा. चाप न ओढता तो सुटला, तर त्या दिवसापासून ती बंदूक शेतात न्यायची नाही. हलकीशी दुरुस्ती करून हंगाम काढू, हा विचारही नको.

लोहार इथे का चालत नाही? तो अडाणी आहे म्हणून नव्हे. पोलादाला पाणी देणे त्याला आपल्यापेक्षा चांगले कळते. पण कोयत्याचे पाणी वेगळे आणि कमानीचे वेगळे. कमान फार कडक राहिली तर काचेसारखी फुटते, मऊ राहिली तर पहिल्याच दाबात वाकून बसते. खटक्याचे टोक तर कडक हवे आणि त्याची कड अचूक कोनात हवी. घोडा उभा राहत नाही म्हणून कानशीने खाच "थोडी साफ" केली, की वरचा कडक थर निघून जातो. महिनाभर काम चालते. मग आतले मऊ लोखंड झिजते आणि तीच बंदूक पहिल्यापेक्षा घातकी होते. वेल्डिंगचेही तसेच. तुटलेली कमान वेल्डिंगने जोडता येत नाही. जोड दिसतो, पण उष्णतेने पोलादाचा गुणच गेलेला असतो. ती नवीनच करावी लागते.

"मग नवीन भाग विकत आणू," असं कोणी म्हणेल. मोटारसायकलचा क्लच प्लेट मिळतो तसा बंदुकीचा खटका का मिळू नये? याचं उत्तर जुनं आहे. 1850 च्या दशकात इंग्लंडमधल्या एन्फिल्डच्या सरकारी कारखान्यात अमेरिकी यंत्रे आली आणि तिथल्या लष्करी बंदुकांचे भाग एकमेकांना बसू लागले. शिकारीच्या उंची बंदुका मात्र लंडन आणि बर्मिंगहॅममध्ये हातानेच घासून बसवल्या जात राहिल्या. पर्डी, हॉलंड अँड हॉलंड, वेस्टली रिचर्ड्स, ग्रीनर ही नावे ज्यांच्या कपाटात आहेत त्यांनी हे ध्यानात ठेवावे. त्याच घराण्याच्या, त्याच वर्षाच्या दुसऱ्या बंदुकीचा खटकाही तुमच्या बंदुकीला घासल्याशिवाय बसेलच असे नाही. बिहारमधल्या मुंगेरच्या परवानाधारक कारखान्यांतून आलेल्या साध्या दुनळ्यांतही बरेच काम हाताचेच असते. म्हणून भाग "बदलणे" म्हणजे खरे तर नवा भाग घडवणे, आणि त्याचा नमुना एकच: तुमचा मोडका तुकडा. तो फेकू नका. दोन तुकडे झाले असतील तर दोन्ही, आणि ढिला झालेला स्क्रूसुद्धा, एका डबीत घालून बंदुकीबरोबर द्या. स्वतः कळ उघडायच्या भानगडीत तर मुळीच पडू नका. दाबलेली कमान सुटून डोळ्याला लागू शकते, आणि जाड पेचकसाने त्या बारीक स्क्रूंची तोंडे एकदा खराब झाली की पुढच्या कारागिराचेही हात बांधले जातात.

चांगली जुनी बंदूक असेल तर दुरुस्तीचा खर्च बघून कचरू नये, असे माझे मत आहे. 1980 च्या दशकाच्या मध्यापासून परदेशी बंदुकांच्या खासगी आयातीवर कडक बंधने आली. गेलेली बंदूक तशी परत मिळणार नाही. उलट साध्या बंदुकीच्या खाचा आणि खटका दोन्ही गेले असतील, नळीला आतून खड्डे असतील, तर पैसे घालत बसू नका. ती परवानाधारक विक्रेत्याकडे किंवा पोलीस ठाण्यात रीतसर जमा करून मोकळे व्हावे. तशी सोय कायद्याच्या कलम 21 मध्ये आहे.

आता कागदाचे. दुरुस्तीसाठी बंदूक परवानाधारक दुकानदार-कारागिराकडेच द्यायची. परवान्यावर कोणता प्रदेश लिहिला आहे ते आधी वाचा. पीकसंरक्षणाचा परवाना बऱ्याचदा मर्यादित हद्दीचा असतो, आणि दुकान मुंबईला किंवा पुण्याला असेल तर ज्या कार्यालयाने परवाना दिला त्यांची लेखी परवानगी घेऊनच हद्द ओलांडावी. मुरबाड-शहापूरच्या ग्रामीण भागासाठी ते जिल्हादंडाधिकारी. ठाणे, भिवंडी, कल्याण-डोंबिवली शहरांसाठी पोलीस आयुक्त. परवानाधारक म्हातारा आहे, प्रवास झेपत नाही? कलम 3 मध्ये त्यालाही वाट ठेवली आहे: परवानाधारकाच्या लेखी अधिकारपत्रावर दुसरा माणूस दुरुस्तीसाठी बंदूक नेऊ शकतो. मुलाच्या हाती नुसती बंदूक देऊन एस.टी.त बसवू नका. सहीचे पत्र आणि मूळ परवाना बरोबर द्या, बंदूक रिकामी आणि पेटीत.

आणि हे वेगळे सांगायला हवे की बंदूक दुरुस्त झाली म्हणून डुक्कर मारायची मुभा मिळत नाही. वन्यजीव कायद्याच्या 2022 च्या दुरुस्तीनंतर रानडुक्कर अनुसूची 2 मध्ये आहे. त्यासाठी वनखात्याची परवानगी वेगळी.

कल्याण-डोंबिवलीच्या बाजूला प्रश्न निराळाच आहे. 2015 मध्ये 27 गावे पुन्हा महापालिकेत आली. त्या पट्ट्यात खाचरांवर इमारती उभ्या राहत आहेत. ज्या बांधावर राखण होती तिथे पार्किंग झाले, तर पीकसंरक्षणासाठी घेतलेल्या परवान्याचे कारणच उरत नाही. अशा घरातली मोडकी बंदूक ही सर्वांत दुर्लक्षित. दुरुस्त करायची गरज नाही म्हणून कोणी बघत नाही, आणि आजोबा गेले तरी परवाना त्यांच्याच नावावर. मोडकी असली तरी ती बंदूकच आहे. वारसाने अर्ज करावा, नाहीतर जमा करावी. 2019 च्या दुरुस्तीनंतर एका माणसाला दोनच बंदुका ठेवता येतात, हेही दोन-तीन भावांच्या वाटण्या करताना पाहावे.

पोलीस पाटील आणि तहसील कार्यालयाच्या मंडळींना एक सुचवायचे आहे. निवडणुका आल्या की छाननी होऊन बऱ्याच परवानाधारकांना बंदुका पोलीस ठाण्यात जमा करायला सांगतात. महिना-दीड महिना त्या एका खोलीत उभ्या असतात, निवडणूक संपली की तशाच परत जातात. त्याच काळात एक दिवस परवानाधारक कारागीर बोलावून प्रत्येक कळ तपासून घेतली, आणि ज्या बंदुकीचा घोडा अंगठ्याच्या दाबाने सुटतो तिच्या मालकाला लेखी सांगितले, तर काय बिघडेल? खर्च मालकाने द्यावा, तो देईल. गावच्या लोहाराकडे चोरून जाण्यापेक्षा हा खर्च कमीच. पोलीस पाटलांना तर कोणाच्या घरात बंदूक आहे हे तोंडपाठ असते. भात निसवायच्या आधी, श्रावणात, एकदा घरोघर विचारले तरी पुष्कळ.

बंदूक दुकानात देताना पावतीवर परवाना क्रमांक, बंदुकीचा क्रमांक आणि काय मोडले आहे ते लिहून घ्या. परत घेताना तो क्रमांक नळीवर जसाच्या तसा आहे ना ते उजेडात नेऊन पाहा. पॉलिश करताना घासला गेला तर त्रास तुम्हालाच, कारण ओळखीचा क्रमांक पुसणे हा कलम 8 नुसार स्वतंत्र गुन्हा आहे. अंगठ्याची परीक्षा दुकानातच, दुकानदारासमोर करा. मोडका तुकडा परत मागा, आणि नव्या कमानीला तेल कोणते आणि किती दिवसांनी लावायचे तेही विचारून घ्या.