जांघेचे दुखणे : एमआरआय केव्हा आणि कशासाठी?



खेळताना मुलाचा घोटा मुरगळला तर तो लंगडत घरी येतो आणि अम्मीपुढे पाय करतो. जांघ दुखली तर मात्र गप्प बसतो. जागाच अशी की सांगायला लाज वाटते. आठवडे जातात. मग एक दिवस तो मॅच अर्धवट सोडून येतो किंवा सजद्यातून उठताना त्याचा चेहरा आक्रसतो, तेव्हा घरच्यांच्या लक्षात येते. मग निदान करायला सगळा मोहल्ला तयार असतो. कोणी म्हणतो अवधान आले, कोणी म्हणतो अंतर्गळ, कोणी म्हणतो नस चढली. शेवटी एक जण सांगतो, "एमआरआय काढून टाका, सगळे कळेल."

सगळे कळत नाही. एमआरआय फार मोलाची तपासणी आहे, पण तिला नेमका प्रश्न विचारावा लागतो. तो प्रश्न न विचारता काढलेल्या फिल्मवर हजारो रुपये जातात आणि मुलाच्या मनात नसती भीती बसते. उलट काही दुखण्यांत एमआरआयला उशीर करणेच महागात पडते. यातला फरक घरातल्या वडीलधाऱ्यांना कळावा, म्हणून या महिन्यात हा विषय घेतला आहे.

एक जागा, अनेक दुखणी

जांघ म्हणजे शरीरातला एक चौक आहे. वरून पोटाचे स्नायू येतात, खालून मांडी आत ओढणारे स्नायू येतात आणि दोन्ही जघनास्थीवर, म्हणजे ओटीपोटाच्या तळच्या हाडावर, भेटतात. डाव्या-उजव्या जघनास्थींमध्ये एक सांधा आहे. पोटाच्या आतून निघालेला एक मोठा स्नायू समोरून मांडीकडे उतरतो. त्याच्यामागे खुब्याचा खोल सांधा. फुटबॉलमध्ये लाथ मारताना, कबड्डीत अचानक वळताना, गोलंदाजाचा पुढचा पाय आपटताना या चौकावर सगळीकडून ओढ बसते.

म्हणूनच या दुखण्याला पूर्वी डॉक्टर तितकी नावे होती. हा गोंधळ मिटवण्यासाठी नोव्हेंबर २०१४ मध्ये कतारमधील दोहा येथे १४ देशांतले २४ तज्ज्ञ एकत्र बसले. दोह्यात अस्पेतार हे हाडांचे आणि खेळाडूंचे मोठे रुग्णालय आहे. आपल्या कोकणातल्या कित्येक घरांतले कोणी ना कोणी आखातात असते, त्यांच्या कानावर हे नाव आले असेल. या बैठकीत जांघेच्या दुखण्याचे चार मुख्य गट ठरले : मांडी आत ओढणाऱ्या स्नायूंचे, पोटातून उतरणाऱ्या स्नायूचे, जांघेच्या नळीच्या भागाचे आणि जघनास्थीच्या सांध्याचे. खुब्याचे दुखणे आणि इतर आजार वेगळे ठेवले. हे चार गट ठरतात ते हकीकत ऐकून आणि हाताने तपासून. कुठे दाबल्यावर दुखते, कोणता स्नायू जोर लावताना कळ देतो, हे डॉक्टरने आधी पाहायचे असते. यंत्राची पाळी त्यानंतर येते.

'स्पोर्ट्स हर्निया' हा शब्द वापरू नये, असेही याच बैठकीने सुचवले. क्रिकेटपटू के. एल. राहुल याची २०२२ मध्ये जर्मनीत आणि आपल्या मुंबईच्या सूर्यकुमार यादवची जानेवारी २०२४ मध्ये म्युनिकला शस्त्रक्रिया झाली, तेव्हा वर्तमानपत्रांत हाच शब्द होता. पण या दुखण्यात खऱ्या हर्नियासारखे आतडे सहसा बाहेर येत नाही. नाव ऐकून मात्र गल्लीतल्या मुलाला वाटते की आपल्यालाही ऑपरेशनच लागणार. बहुतेकांना ते लागत नाही.

फिल्मवर काय दिसते?

एमआरआयमध्ये क्ष-किरण नसतात. मोठ्या चुंबकाच्या साह्याने शरीरातल्या पाण्याचा आणि चरबीचा वेध घेतला जातो. चरबीचा उजेड दाबून घेतलेल्या चित्रात पाणी पांढरे चमकते. जिथे सूज तिथे पाणी, म्हणून सुजलेले हाड, फाटलेला स्नायुबंध आणि सांध्यातले पाणी डोळ्यांत भरते. मांडीचा स्नायू हाडापासून तुटला आहे का, तुटून किती खाली सरकला आहे, खुब्याच्या वाटीची कड फाटली आहे का, मांडीच्या हाडाच्या डोक्याचा रक्तपुरवठा कमी झाला आहे का, हे एमआरआय चांगले सांगतो.

सर्वांत महत्त्वाचा उपयोग मात्र वेगळाच आहे. पोलीस भरतीत मुलांना १६०० मीटर आणि मुलींना ८०० मीटर धावावे लागते. जाहिरात निघाली की वर्षभर बसून असलेली मुले पहाटे डांबरी रस्त्यावर एकदम धावू लागतात. हाडाला सवय व्हायला वेळ मिळत नाही आणि मांडीच्या हाडाच्या मानेला, खुब्यापाशी, बारीक चीर पडू शकते. दुखते मात्र जांघेत. आधी धावताना, मग चालताना, पुढे रात्री अंथरुणातही. एका पायावर उडी मारली की कळ येते. सुरुवातीच्या क्ष-किरण फोटोत ही चीर बऱ्याचदा दिसतच नाही. फोटो 'नॉर्मल' म्हणून मुलगा पुन्हा धावतो. चीर हाडाच्या वरच्या बाजूला असेल तर ते सरकून मोडू शकते, डोक्याचा रक्तपुरवठा तुटू शकतो आणि विशीतच खुबा निकामी होण्याची वेळ येते. अशी शंका असेल तर धावणे त्याच दिवशी बंद, कुबड्या घ्यायच्या आणि एमआरआय लवकर करायचा. तिथे पैशाचा विचार नंतर.

मुलींच्या बाबतीत अम्मीने आणखी एक विचारावे : पाळी नियमित येते का? व्यायाम भरपूर, खाणे तुटपुंजे आणि पाळी बंद, असे झाले की हाडे कमजोर होतात आणि अशा चिरा पडण्याचा धोका वाढतो.

फिल्म कुठे फसवते?

काहीही दुखत नसलेल्या फुटबॉलपटूंचा एमआरआय काढला, तरी अनेकांच्या जघनास्थीत पांढरेपणा दिसतो. तो खेळाचा ताण असतो, आजार असेलच असे नाही. खुब्याच्या हाडाचा थोडा वेगळा आकारही कित्येक धडधाकट खेळाडूंत सापडतो. म्हणून रिपोर्टमधल्या प्रत्येक ओळीवर उपचार करायचा नसतो. हाताला जिथे दुखणे सापडले आणि फिल्मवरही तिथेच बिघाड दिसला, तर ती ओळ कामाची.

दुसरे असे की एमआरआयमध्ये माणूस निश्चल पडलेला असतो. खोकल्यावर फुगणारा हर्निया तिथे निसटू शकतो. त्यासाठी खोकायला लावून केलेली सोनोग्राफी बरी, आणि ती स्वस्तही पडते.

चिठ्ठीवर डॉक्टरांकडून नेमकी शंका लिहून घ्या. 'खुब्याच्या मानेला चीर?' किंवा 'जघनास्थीजवळ स्नायुबंध फाटला?' असे लिहिले असेल, तर त्या भागाची बारीक चित्रे घेतली जातात. नुसते 'जांघ दुखते' लिहिले तर सरसकट चित्रे निघतात. तपासताना डॉक्टरला हेही सांगा की रुकूत दुखते, सजद्यातून उठताना दुखते की अत्तहिय्यातला बसल्यावर. खोल वाकल्यावर किंवा उकिडवे बसल्यावर कळ येत असेल, तर संशय खुब्याच्या सांध्याकडे जातो.

उपचार कोणता?

मांडीच्या स्नायूंच्या जुनाट दुखण्यावर १९९९ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात डेन्मार्कचा एक अभ्यास आला. एका गटाने ८ ते १२ आठवडे देखरेखीखाली स्नायू बळकट करण्याचा व्यायाम केला. दुसऱ्याला मालीश, ताण आणि यंत्राचे उपचार मिळाले. व्यायाम करणाऱ्या २९ पैकी २३ खेळाडू वेदना न होता पूर्वीच्या दर्जाने मैदानावर परतले, दुसऱ्या गटातल्या ३० पैकी फक्त ४. पुढे २०१९ मध्ये नॉर्वेच्या फुटबॉलपटूंवरील अभ्यासात मांडीच्या एकाच व्यायामाने जांघेच्या तक्रारींचा धोका ४१ टक्क्यांनी कमी झाला. तेव्हा नुसते पडून राहणे किंवा इंजेक्शनामागून इंजेक्शन घेणे हा उपाय नव्हे. फक्त हाडाला चीर नाही याची खात्री आधी करा आणि व्यायाम जाणकाराकडून शिका.

एमआरआयला जाताना

ताविजाची धातूची पेटी, हिजाबच्या पिना, दागिने, नाणी, मोबाईल बाहेर ठेवा. पेसमेकर किंवा शरीरात बसवलेली कोणतीही धातूची वस्तू असेल तर आधी सांगा. वेल्डिंग-ग्राइंडिंगचे काम केलेल्याच्या डोळ्यात कधी लोखंडाचा कण गेला असेल, तर तेही सांगा. भगिनींनी महिला तंत्रज्ञ आहे का, हे वेळ ठरवतानाच विचारावे. साधारण अर्धा-पाऊण तास लागतो, आवाज मोठा असतो, हलायचे नसते. जांघेच्या साध्या तपासणीला सहसा इंजेक्शन लागत नाही आणि उपाशी राहण्याचीही गरज नसते.

इथे एमआरआयची वाट पाहू नका

मुलाला अचानक ओटीपोटात किंवा जांघेत जोराची कळ आली, उलटी झाली, अंडकोष सुजला किंवा वर ओढला गेला, तर अंडकोषाला पीळ बसलेला असू शकतो. सहा तासांच्या आत शस्त्रक्रिया झाली तर तो वाचण्याची शक्यता चांगली असते. मध्यरात्र असली तरी थेट रुग्णालयात जा. दहा ते सोळा वर्षांचा मुलगा लंगडतो, जांघेत किंवा नुसत्या गुडघ्यात दुखते, पाऊल बाहेर वळते, तर त्याला चालू देऊ नका. खुब्याचा फोटो त्याच दिवशी काढा. ताप आणि पाय टेकवत नाही इतके दुखणे, किंवा आत न जाणारी जांघेतली गाठ आणि उलट्या, यांतही उशीर नको.

शरीर ही अल्लाहची अमानत आहे, असे आपण मुलांना सांगतो. पण जांघेतली कळ सांगायला त्यांना जीभ रेटत नाही, आणि ती दस्तरखानावर सगळ्यांसमोर विचारायची गोष्टही नव्हे. इशाची नमाज झाल्यावर मशिदीतून घरी येताना अब्बांनी मुलाच्या खांद्यावर हात ठेवून हळूच विचारावे, "धावताना कुठे दुखते का रे?" अम्मीने लेकीला असेच एकटीला गाठावे. उत्तर लगेच मिळाले नाही तर आठ दिवसांनी पुन्हा विचारावे.

अल्लाह आपल्या लेकरांना आफियत देवो. आमीन.