बिनतिखटाचा डबा

दिवाळीत आमच्या घरी फराळाचे डबे ओळीने लागत आणि ओळीच्या टोकाला एक लहान डबा वेगळा असे. त्यातल्या चिवड्यात मिरची नसे, आणि काटेरी लालभडक चकली त्या डब्याच्या वाटेला कधी जात नसे. तो काकांचा डबा. काकांना अल्सर होता. आम्हा मुलांना त्या डब्याची कीव यायची. काकांना त्याची लाज वाटायची, हे मात्र फार उशिरा कळले.

काका परळच्या एका गिरणीत साचेखात्यात होते. रातपाळीला निघताना त्यांच्या पिशवीत दुधाचा थर्मास असे, कारण अल्सरवर थोड्या थोड्या वेळाने दूध पिणे हा तेव्हा जगमान्य उपाय होता. शिकागोचे डॉक्टर बर्ट्राम सिप्पी यांनी १९१५मध्ये दूध आणि सायीचा आहार सुचवला, तो पुढे कित्येक दशके चालला. दुधाने घटकाभर थंड वाटते आणि मग जठर जास्तच आम्ल सोडते, हे नंतर लक्षात आले. दुधाखेरीज काकांना तीन सूचना होत्या : तिखट बंद, बिडी बंद, काळजी बंद. पहिल्या दोन त्यांनी पाळल्या. तिसरी, १८ जानेवारी १९८२ला गिरण्यांचा संप सुरू झाल्यावर, कोण पाळणार? त्याच पावसाळ्यात अल्सर फुटला, ऑपरेशन झाले, जठराचा भाग कापून काढावा लागला. चाळीचे एकमत झाले : माणूस काळजीने पोखरला.

चाळीला दोष कसा देणार? आपली भाषाच तसे सांगते. गोष्ट आपण पोटात ठेवतो, अपराध पोटात घालतो. शेजाऱ्याचे बरे झाले की पोटशूळ उठतो, आणि पोटतिडकीने बोलणाऱ्याचे कोणी ऐकले नाही की त्याचे पित्त खवळते. मनाचा निम्मा संसार मराठीने पोटात थाटला आहे. मग पोटाला जखम झाली तर ती मनानेच केली असणार, हे आपोआप पटते. त्यात नवल असे की, ज्यांच्या भाषेत हे वाक्प्रचार नाहीत ते युरोप-अमेरिकेतले डॉक्टरही हेच मानत होते. अल्सर म्हणजे आम्ल आणि आम्ल म्हणजे स्वभाव.

संपाला तीन महिने होत आले होते, तेव्हा ऑस्ट्रेलियात पर्थ शहरात ईस्टरची सुट्टी लागली. तिथल्या रॉयल पर्थ हॉस्पिटलमध्ये रॉबिन वॉरेन हे पॅथॉलॉजिस्ट होते. जून १९७९मध्ये जठराच्या अस्तराचा नमुना तपासताना त्यांना अस्तरावर जंतू दिसले होते. चकलीचा तुकडा मोडून पडावा तसे वाकडे. चांदीच्या क्षारांनी रंगवल्यावर ते आणखी स्पष्ट झाले. सहकारी म्हणाले, जठरातल्या आम्लात जंतू जगत नाहीत, सगळ्यांना ठाऊक आहे. वॉरेन यांना दिसत तर होते. जिथे जंतू तिथे सूज, हेही दिसत होते. १९८१मध्ये बॅरी मार्शल हे शिकाऊ डॉक्टर त्यांच्या जोडीला आले आणि दोघांनी शंभर रुग्णांचे नमुने तपासायला घेतले.

जंतू दिसत, पण प्रयोगशाळेत वाढवायला जावे तर वाढत नसत. रिवाजाप्रमाणे दोन दिवसांत काही उगवले नाही तर बशी फेकून देत. ईस्टरच्या लांब सुट्टीत मात्र बशा तशाच उबेत राहिल्या, आणि परत येऊन पाहतात तो जंतूंची वसाहत उगवलेली. तो सावकाश वाढणारा जंतू होता, इतकेच. त्याला आज हेलिकोबॅक्टर पायलोरी म्हणतात. नावातला पहिला भाग त्याच्या मळसूत्री आकारावरून आला. दुसरा आला जठराच्या शेवटच्या दारावरून, ज्याला ग्रीकांनी ‘द्वारपाल’ म्हटले होते.

आम्लात तो जगतो कसा, हे कळले की त्याच्या हुशारीला दाद द्यावीशी वाटते. जठराच्या आतून बुळबुळीत श्लेष्म्याचा थर असतो. शेपट्या फिरवत हा त्या थरात घुसतो. युरियाचे तुकडे करणारे विकर त्याच्याकडे भरपूर असते. त्यातून अमोनिया तयार होतो आणि जंतूच्या भोवतीपुरते आम्ल निवते. मग तो मुक्काम ठोकतो, बहुधा आयुष्यभराचा. शरीर त्याच्यावर फौजा धाडत राहते, अस्तर सुजते. काहींच्या जठरात आम्लाची आवक वाढते आणि पुढच्या आतड्याला, म्हणजे ग्रहणीला, चट्टा पडतो. काहींच्या जठरालाच जखम होते. ज्या युरियावर हा जंतू जगतो त्याच युरियाने तो पकडलाही जातो. खूण केलेला युरिया पाण्यातून पाजायचा आणि थोड्या वेळाने श्वास तपासायचा. श्वासात ती खूण आली तर पाहुणा घरात आहे.

अल्सर या जंतूमुळे होतो, हे मार्शल यांचे म्हणणे तेव्हा कोणी फारसे मनावर घेईना. १९८४मध्ये, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी, त्यांनी या जंतूंचे पाणी स्वतःच पिऊन टाकले. बायकोला न सांगता. काही दिवसांत मळमळ, उलट्या, तोंडाला दुर्गंधी. दुर्बिणीने पाहिले तर निरोगी जठर सुजलेले आणि जंतूंनी भरलेले. ही गोष्ट रंगवून सांगितली जाते, पण तिची मर्यादा सांगायची राहून जाते. मार्शल यांना सूज आली, अल्सर झाला नाही. अल्सरचा पुरावा पुढे आला तो रुग्णांकडून. आम्ल कमी करणाऱ्या गोळ्या थांबवल्या की अल्सर परत यायचा. जंतू मारल्यावर मात्र तो बहुतेकांना परत आला नाही. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेच्या तज्ज्ञ समितीने अल्सरवर प्रतिजैविके द्यावीत असे म्हणायला १९९४ उजाडले. वॉरेन आणि मार्शल यांना नोबेल मिळाले २००५मध्ये.

या कथेत मला अधिक जवळचा वाटतो तो हरलेला माणूस. ग्रीसमधल्या मेसोलोंगी गावचे डॉक्टर जॉन लिकूडिस १९५८पासून अल्सरच्या रुग्णांना प्रतिजैविके देत होते. रुग्ण बरे होत होते. त्यांच्या हाती जंतू नव्हता, फक्त अनुभव होता. त्यांना मान्यता मिळाली नाही. १९६८मध्ये उलट दंड झाला. १९८०मध्ये ते वारले, ईस्टरच्या त्या सुट्टीच्या दोन वर्षे आधी.

हा जंतू काही काल-परवाचा नाही. आफ्रिकेतून माणूस सुमारे साठ हजार वर्षांपूर्वी बाहेर पडला तेव्हा हाही त्याच्या पोटातून निघाला. आल्प्सच्या बर्फात सापडलेल्या, सुमारे ५,३०० वर्षांपूर्वीच्या ‘ओत्झी’ नावाच्या माणसाच्या जठरात तो मिळाला. २०१६मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार त्या जंतूचे सर्वांत जवळचे नातेवाईक आज मध्य आणि दक्षिण आशियात, म्हणजे आपल्या बाजूला, सापडतात. जगातल्या साधारण निम्म्या लोकांत तो राहिला आहे. आपल्याकडे तो बहुधा लहानपणीच, घरातल्या घरात लागतो. गर्दीची घरे आणि अस्वच्छ पाणी त्याला मदत करतात. बहुतेकांना तो आयुष्यभर काहीही करत नाही. काहींना अल्सर होतो, अगदी थोड्यांना जठराचा कर्करोग. म्हणूनच जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९४मध्ये त्याला तंबाखू ज्या गटात आहे त्याच गटात बसवले. तरीही भारतात संसर्ग उदंड आणि जठराचा कर्करोग त्या मानाने कमी, हे कोडे आहेच.

आज गाडी दुसऱ्या टोकाला चालली आहे. पोटात जळजळले की सकाळी रिकाम्या पोटी आम्ल कमी करणारी गोळी, महिनोन्‌महिने, कोणाला न विचारता. वास्तविक जंतूच्या तपासणीआधी ही गोळी दोन आठवडे आणि प्रतिजैविके चार आठवडे, डॉक्टरांना विचारून, बंद ठेवावी लागतात. नाहीतर जंतू असूनही दिसत नाही. उपचार म्हणजे दोन-तीन प्रतिजैविके आणि आम्लाची गोळी, साधारण दोन आठवडे. चौथ्या दिवशी बरे वाटले म्हणून अर्धी पाने औषधाच्या डब्यात टाकणारे आपणच आहोत, आणि त्याचे फळ म्हणून आपल्याकडचे जंतू जुन्या औषधांना भीक घालेनासे झाले आहेत. प्रत्येक जळजळीमागे हा जंतू असतो असेही नाही. सांधेदुखी, डोकेदुखीच्या गोळ्याही अल्सर करतात. पण शौचाला डांबरासारखे काळे होत असेल, उलटीत रक्त असेल, वजन कारण नसताना उतरत असेल, तर घरगुती उपाय पुरे, डॉक्टरांकडेच जावे.

काकांच्या जठरात तो जंतू होता का? आता सांगता येणार नाही. जागरणानंतर डोके चढले की ते मुकाट्याने अ‍ॅस्प्रिन घेत, तेही कारण असेल. पण वर्षानुवर्षे त्यांना सांगितले गेले ते एवढेच, की तुमचा स्वभाव काळजीखोर आहे. जखम त्यांना, आणि आरोपही त्यांच्यावरच. ज्याला पगार मिळत नव्हता त्याला काळजी सोडायला सांगणे सोपे होते. स्वभावाला बोल लावायला काही लागत नाही. बशी आणखी चार दिवस उबेत ठेवायला धीर लागतो, आणि काकांच्या बाबतीत तो धीर दाखवावा असे आम्हा कोणालाच सुचले नाही.

या दिवाळी अंकाचा विषय ‘पोट’ ठरला, त्याच्या मुळाशी ही खंत आहे. अंकात खानावळी आहेत, उपास आहेत, दुष्काळातली भूक आहे, आणि पोटासाठी गाव सोडलेल्यांच्या कथाही आहेत.  

दिवाळीत फराळाला कोणाकडे जाल तेव्हा डब्यांच्या ओळीत एखादा बिनतिखटाचा डबा दिसेल. तो ज्याचा असेल त्याला, काळजी करू नका, असे सांगू नका. तपासणी केली का, एवढे विचारा. काय सांगावे, पुढच्या दिवाळीला तो डबा ओळीत मिसळून जाईल.

शुभ दीपावली!

— संपादक